कसाबवर खटला चालला, मग इतरांवर का नाही?

जुलै २०२५ मध्ये मुंबईत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले. २१ जुलै रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या उपनगरी रेल्वेतील साखळी बॉम्बस्फोटांच्या खटल्यातील बाराही आरोपींची निर्दोष मुक्तता केली. ३१ जुलै रोजी विशेष न्यायालयाने २००८ च्या मालेगाव स्फोट खटल्यातील सातही आरोपींना पुरेशा पुराव्याअभावी सोडून दिले. पहिल्या घटनेत १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती, दुसऱ्या घटनेत सहा. पहिल्या निकालाच्या वेळी घटनेला १९ वर्षे उलटली होती, दुसऱ्याच्या वेळी जवळपास १७.

या निकालांवरच्या प्रतिक्रिया ठरावीक साच्यातून उमटल्या. ज्यांना पहिला निकाल धक्कादायक वाटला, त्यांतील अनेकांना दुसरा सत्याचा विजय वाटला. आणि याच्या नेमके उलट वाटणारेही कमी नव्हते. आरोपीचे नाव कळले की पुरावा पाहण्याची गरज उरत नाही, अशी आपल्या सार्वजनिक चर्चेची अवस्था झाली आहे. मला मात्र या दोन निकालांतील फरकापेक्षा साम्य अधिक अस्वस्थ करते. रेल्वे स्फोटांतील बारा जणांपैकी एकाचा २०२१ मध्ये तुरुंगातच मृत्यू झाला. बाकीच्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे कोठडीत काढली. मालेगाव प्रकरणात लेफ्टनंट कर्नल प्रसाद पुरोहित यांना जामीन मिळायला जवळपास नऊ वर्षे लागली, प्रज्ञासिंह ठाकूर यांना आठ वर्षांहून अधिक. रेल्वे स्फोटांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. अंतिम शब्द त्या न्यायालयाचा. पण या दोन्ही निकालांनंतर एक प्रश्न तसाच शिल्लक राहतो: हे स्फोट केले कोणी?

या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी ज्यांना मिळायला हवे होते, ते मृतांचे नातेवाईक रित्या हातांनी घरी परतले. नागरी स्वातंत्र्य आणि राष्ट्रीय सुरक्षा एका तराजूच्या दोन पारड्यांत बसली आहेत, एक खाली गेले की दुसरे वर जाते, असे आपल्याला सतत सांगितले जाते. त्या नातेवाइकांकडे पाहिले की हे रूपक किती फसवे आहे ते कळते. इथे दोन्ही पारडी रिकामीच राहिली. आरोपींचे स्वातंत्र्य गेले आणि सुरक्षाही मिळाली नाही.

याच शहरातला तिसरा खटला आठवून पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. हातात रायफल घेतलेल्या अजमल कसाबचे छायाचित्र साऱ्या जगाने पाहिले होते. ‘याला खटला कशाला हवा’ हा प्रश्न तेव्हा रस्त्यावर आणि वाहिन्यांवर उघडपणे विचारला जात होता. तरीही आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात त्याच्यावर रीतसर खटला चालला. त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले आणि अटकेनंतर अवघ्या सतरा महिन्यांत, ३ मे २०१० रोजी, तो दोषी ठरला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिले होऊन नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याला येरवड्यात फाशी देण्यात आली. या खटल्यातील आणखी एक गोष्ट आपण सोयीस्कररीत्या विसरतो. कसाबबरोबर आरोपी असलेल्या दोन भारतीयांना याच न्यायालयाने पुराव्याअभावी निर्दोष ठरवले आणि वरच्या न्यायालयांनी तो निर्णय कायम ठेवला. धान्य पाखडून खडे वेगळे काढावेत, तसे दोषी आणि निर्दोष वेगळे करणे हे खटल्याचे काम असते. कोठडीला ते जमत नाही. ती दोघांनाही सारख्याच कुलपाआड ठेवते.

कसाबचा खटला सतरा महिन्यांत निकाली निघू शकतो, तर इतर प्रकरणांत आरोपनिश्चितीलाच कित्येक वर्षे का लागतात? याचे उत्तर बऱ्याच अंशी कायद्याच्या रचनेत आहे. बेकायदा कारवाया (प्रतिबंधक) कायदा, म्हणजेच यूएपीए, १९६७ चा आहे. २००४ मध्ये ‘पोटा’ रद्द करताना त्यातील दहशतवादविषयक तरतुदी या कायद्यात आणल्या गेल्या आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर, डिसेंबर २००८ मध्ये, त्याला आजचे कठोर रूप मिळाले. आरोपपत्राविना कोठडीची मुदत न्यायालयाच्या परवानगीने १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. आरोप ‘प्रथमदर्शनी खरा’ मानण्यास वाजवी कारण आहे असे न्यायालयाला वाटले, तर जामीन देता येत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही अट आणखी आवळली: जामिनाच्या टप्प्यावर न्यायाधीशाने पुराव्याची छाननी करू नये, तपास यंत्रणेची कागदपत्रे आहेत तशी गृहीत धरावीत. म्हणजे आरोप खरा आहे की नाही हे ठरवण्यासाठी आरोप करणाऱ्याचेच कागद पाहायचे, आणि ते खोडण्याची पहिली खरी संधी खटल्यात, जो कधी सुरू होईल ते कोणालाच ठाऊक नाही!

अशा रचनेत तपास यंत्रणेला घाई करण्याचे कारणच उरत नाही. अटक हेच तपासाचे यश म्हणून मिरवता येते. पुढे सिद्ध करण्याचा भार असतो, पण मुदत नसते. खटला जितका लांबेल तितका दुबळा पुरावा झाकलेला राहतो. झारखंडमध्ये आदिवासींसाठी आयुष्य वेचलेले फादर स्टॅन स्वामी यांना भीमा-कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. पार्किन्सन्सने ग्रासलेल्या या ८४ वर्षांच्या वृद्धाचा ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची वाट पाहत मुंबईत मृत्यू झाला. त्यांच्यावरचे आरोप खरे की खोटे, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. त्यांच्या विचारांशी कोणी सहमत असो वा नसो, सरकारला आपली बाजू सिद्ध करावीच लागली नाही, ही गोष्ट सर्वांनाच खटकायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीतून एक वाट दाखवली आहे. केरळमधील एका प्राध्यापकाचा हात तोडल्याच्या प्रकरणातील आरोपी नजीब पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. गुन्हा अत्यंत क्रूर होता. तरीही खटला वाजवी काळात संपण्याची शक्यता नसेल, तर यूएपीएतील बंधने राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ पुढे विरघळतात, असे सांगत न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा जामीन कायम ठेवला. दुर्दैवाने हे तत्त्व सर्वत्र सारखे लागू होत नाही. कधी एक खंडपीठ नजीबकडे पाहते, कधी दुसरे वटालीकडे. नागरिकाचे स्वातंत्र्य त्याची याचिका कोणत्या खंडपीठापुढे येते यावर अवलंबून राहणे, हे कायद्याच्या राज्याचे लक्षण नव्हे.

कठोर कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे मी हलक्यात घेत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाममध्ये २६ निरपराधांना टिपून मारले गेले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसमोर अनुच्छेद २१ वर प्रवचन देण्याची हिंमत कोणाची होईल? दहशतवादी गुन्ह्यांचे धागे सीमेपलीकडे जातात, साक्षीदारांना धमकावले जाते, गुप्तचरांची सगळीच माहिती न्यायालयात उघड करता येत नाही. जामिनावर सुटलेला एखादा आरोपी फरार होईल किंवा पुन्हा हल्ला करील, ही भीतीही खरी आहे. म्हणूनच काही काळ, विशेष परिस्थितीत, कडक जामीन अटी असण्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप मुदत नसण्याला आहे. साक्षीदारांच्या सुरक्षेची अडचण दोन वर्षे कोठडीचे समर्थन करू शकते; दहा वर्षांच्या कोठडीचे समर्थन करताना ती सबब होते. आणि चुकीचा माणूस कोठडीत असतो, तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा असतो, याचा हिशेब सुरक्षेच्या खात्यात कधी मांडला जाणार?

खटल्याविना कोठडीचा आपला इतिहास प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. १९५० मध्ये सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचे विधेयक मांडले, तेव्हा या निर्णयाने आपली झोप उडवल्याचे त्यांनी संसदेत सांगितले होते. एका वर्षापुरता म्हणून आलेला तो कायदा १९६९ पर्यंत टिकला. पुढे ‘मिसा’ आला आणि आणीबाणीत त्याने विरोधी पक्षांचे नेतेच गजाआड केले. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारपुढे मान तुकवली. एकटे हंसराज खन्ना उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांना सरन्यायाधीशपद गमावून मोजावी लागली. तो निकाल चुकीचा होता, हे अधिकृतपणे मान्य व्हायला २०१७ साल उजाडले. ‘टाडा’खाली १९९४ च्या मध्यापर्यंत ७६ हजारांहून अधिक लोकांना अटक झाली होती, दोषी ठरलेल्यांचे प्रमाण नगण्य होते. जम्मू-काश्मीरचा सार्वजनिक सुरक्षा कायदा शेख अब्दुल्ला यांच्या सरकारने १९७८ मध्ये आणला, तो लाकूडतस्करांना आवर घालायचा म्हणून. चार दशकांनंतर त्याच कायद्याखाली त्यांचे पुत्र फारूक आणि नातू ओमर स्थानबद्ध झाले. असे कायदे पक्ष पाहत नाहीत. आज ते ज्यांच्या हातात आहेत, त्यांनी उद्या ते कोणाच्या हातात असतील याचा विचार करायला हवा.

लोकशाही देश दहशतवादाशी लढतानाही मर्यादा घालून घेऊ शकतात. ब्रिटनने २००१ मध्ये परदेशी संशयितांना बेमुदत डांबण्याचा कायदा केला, तेव्हा डिसेंबर २००४ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायपीठाने तो मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. लंडनमधील स्फोटांना जेमतेम चार महिने उलटले होते, तेव्हा आरोपपत्राविना ९० दिवसांच्या कोठडीचा पंतप्रधान ब्लेअर यांचा प्रस्ताव संसदेने फेटाळला. आज तिथे ही मर्यादा १४ दिवस आहे. आपल्याकडे १८०.

मग करायचे काय? यूएपीए रद्द करा, एवढे म्हणून मी थांबणार नाही. ते आजच्या राजकारणात घडणारही नाही. पण चार गोष्टी शक्य आहेत. पहिली, जामिनावरील विशेष बंधनाला मुदत हवी: दोन वर्षांत खटला संपला नाही आणि विलंब आरोपीमुळे झालेला नसेल, तर हे बंधन गळून पडावे आणि सर्वसाधारण कायद्यानुसार जामिनाचा विचार व्हावा. दुसरी, जामिनाच्या टप्प्यावर पुरावा जोखण्याचा अधिकार न्यायाधीशाला परत मिळावा. तिसरी, राष्ट्रीय तपास संस्थेच्या कायद्यातच असे खटले रोजच्या रोज चालवावेत, असे म्हटले आहे; त्यासाठी फक्त हेच काम करणारी न्यायालये हवीत. ती उभारली नाहीत तर आरोपींना जामीन देण्यावाचून पर्याय उरणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्येच केंद्र आणि महाराष्ट्र सरकारला बजावले आहे. चौथी, निर्दोष सुटलेल्याला भरपाई. विधि आयोगाने २०१८ मधील आपल्या २७७ व्या अहवालात त्यासाठी कायदा सुचवला होता. तो अहवाल धूळ खात पडला आहे. चुकीच्या अटकेची किंमत सरकारी तिजोरीला मोजावी लागली, तर अटकेआधी विचार करण्याची सवय आपोआप लागेल.

यातील एकही गोष्ट दहशतवाद्याला सवलत देणारी नाही. उलट प्रत्येक गोष्ट तपास यंत्रणेला तिचे मूळ काम, म्हणजे पुरावा गोळा करून तो न्यायालयात टिकवणे, करायला भाग पाडणारी आहे. ज्या देशाने कसाबला वकील दिला, त्याचे म्हणणे ऐकले आणि मग त्याला दोषी ठरवले, त्या देशाला हे अवघड नाही. तेव्हा आपण कमकुवत ठरलो नव्हतो. मुंबईच्या लोकलमध्ये आणि मालेगावच्या रस्त्यावर ज्यांची माणसे गेली, त्यांनाही तसाच, वेळेत संपणारा आणि पुराव्यावर उभा असलेला खटला हवा होता. तो आपण त्यांना दिला नाही.