वृद्ध श्रोता आणि 'स्मरणरंजना'चा शिक्का

'स्मरणरंजन' हा शब्द मराठी समीक्षेने इतक्या सढळ हाताने वापरला आहे की आता तो विचार करण्यापेक्षा विचार थांबवण्याच्याच कामी येतो. एकदा हा शिक्का मारला की कलाकृतीच्या रूपाविषयी काही बोलण्याची गरज उरत नाही. अमेरिकेत वृद्धनिवासांत आणि छोट्या सभागृहांत वयोवृद्ध श्रोत्यांसमोर जुनी जॅझ गाणी सादर होतात, त्यांच्याकडेही असेच पाहिले जाते. नवे ते कला, जुने ते करमणूक आणि म्हाताऱ्यांसमोरचे जुने म्हणजे समाजसेवा, अशी ही उतरंड आहे. आम्हांला ती मुळातूनच अमान्य आहे.

जॅझमध्ये ज्याला 'स्टँडर्ड' म्हणतात ते गाणे पुष्कळदा ब्रॉडवेच्या संगीतिकेतून वा चित्रपटातून आलेले असते. कलावंत त्याचा सांगाडा घेतात आणि त्यावर दर वेळी नवी उभारणी करतात. आपल्याकडे बंदिशीचे होते तसेच काहीसे. जॉनी ग्रीनने १९३० साली स्वरबद्ध केलेले 'बॉडी अँड सोल' कोलमन हॉकिन्सने ऑक्टोबर १९३९मध्ये सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केले, तेव्हा आरंभीच्या काही क्षणांनंतर मूळ चाल त्याने जवळजवळ सोडूनच दिली. तरीही ती तबकडी लोकप्रिय झाली. १९६० साली बर्लिनच्या मैफलीत 'मॅक द नाइफ' गाताना एला फिट्झजेराल्ड शब्द विसरली आणि तिने तिथल्या तिथे नवे रचले. मूळ गाणे ज्याला ठाऊक आहे त्यालाच या दोन्ही प्रसंगांतली खरी मौज कळते. परिचय हा येथे आस्वादातील अडसर नाही, त्याची पूर्वअट आहे.

मग या गाण्याचा अधिकारी श्रोता कोण? अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला एक सुरेख चाल ऐकू येते. ज्याच्या कानांत ती साठ-सत्तर वर्षे मुरली आहे, त्याला तिच्यातील प्रत्येक वळण, लांबवलेला प्रत्येक शब्द, मुद्दाम गाळलेली प्रत्येक जागा ऐकू येते. अभिनवगुप्तांचा 'सहृदय' आम्ही वर्गात मोठ्या आदराने शिकवतो. तोच सत्तरी ओलांडून समोर बसला की त्याला 'आठवणींत रमणारा' कसे म्हणतो?

दुसरा अन्याय सदिच्छेतून होतो. वृद्धांपुढचे संगीत म्हणजे औषध, अशी एक समजूत रूढ झाली आहे. टोनी बेनेट यांना अल्झायमर असल्याचे निदान २०१६ साली झाले. ते फेब्रुवारी २०२१मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचाण्णव्या वर्षी, ते न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लेडी गागासह दोन रात्री गायले. त्याविषयी पुष्कळ बोलले गेले ते आजार आणि चमत्कार यांच्या अंगाने. शब्द सुरावर ठेवण्याची त्यांची हातोटी मात्र मागे पडली. संगीताने रुग्णाला बरे वाटते हे आम्ही नाकारत नाही. पण ज्याला केवळ बरे वाटवायचे आहे, त्याच्या अभिरुचीचा विचार सहसा कोणी करत नाही.

अशा कार्यक्रमांतले काही भिकार असतात, हेही खरे. एकाच लयीत हाकलेली गाणी, आधीच मुद्रित केलेली साथ, बालवाडीतल्यासारख्या टाळ्या. त्याचा दोष गाण्यांच्या वयावर ढकलू नये. समोरच्याला काही कळत नाही, असे गाणाऱ्याने आधीच ठरवलेले असते, तिथे तो दोष आहे. अशा श्रोत्यांसमोर उलट अधिक तयारीने जायला हवे, कारण चूक त्यांच्या लगेच ध्यानात येते.

आम्ही साहित्याचे शिक्षक पुनर्वाचनाला प्रगल्भतेची खूण मानतो. साठाव्या वर्षी पुन्हा 'ज्ञानेश्वरी' उघडणाऱ्याला कोणी स्मरणरंजनात गुंतलेला म्हणत नाही. वाचकाला दिलेला हा मान श्रोत्याला नाकारण्याचे एकही वाङ्मयीन कारण आमच्या पाहण्यात आलेले नाही. ज्यांना ते ठाऊक असेल त्यांनी ते मांडावे. तोवर हा शब्द जपून वापरावा.