साताऱ्याची शरणागती

साताऱ्याचा किल्ला २१ एप्रिल १७०० रोजी मोगलांच्या ताब्यात गेला. किल्लेदार प्रयागजी प्रभू शिबंदीसह जिवंत खाली उतरला, म्हणून या लढ्याला उणेपणा देणारे काही जण आहेत. खरा किल्लेदार शेवटचा माणूस पडेपर्यंत झुंजतो, असे त्यांचे म्हणणे. दाखला म्हणून मृत समुद्राजवळच्या मसादाकडे बोट दाखवले जाते. इ. स. ७३-७४ च्या सुमारास रोमन सेनापती सिल्वाने त्या वाळवंटी गडाला वेढा घातला, तेव्हा आतल्या ९६० ज्यूंनी शरण जाण्याऐवजी मरण पत्करले.

मुळात दाखलाच लंगडा आहे. रोमन छावण्या आणि तटाला भिडवलेला मातीदगडांचा चढ आजही दिसतो. पण सामूहिक मरणाची हकिगत एकट्या इतिहासकार जोसेफसची आहे, आणि तो तिथे हजर नव्हता. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात मसादाचे नावही येत नाही. ज्यू परंपरेने गौरवला तो वेढ्यातल्या जेरुसलेममधून निसटून यावने येथे विद्यापीठ उभारणारा योहानान बेन झक्काई. मसादा राष्ट्रीय प्रतीक झाले ते विसाव्या शतकात. पुरातत्त्वज्ञ यादीन यांच्या १९६३-६५ च्या उत्खननाने त्याला बळ दिले.

आता सातारा. डिसेंबर १६९९ मध्ये खुद्द औरंगजेब पायथ्याशी येऊन बसला. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तरी गड झुंजतच राहिला. १३ एप्रिलला मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्या स्फोटात प्रयागजी स्वतः ढिगाऱ्याखाली गाडला गेला आणि जिवंत बाहेर निघाला. दुसऱ्या स्फोटात तट बाहेरच्या अंगाला कोसळला तो हल्ल्यासाठी दबा धरून बसलेल्या मोगलांवरच. त्यांची शेकडो माणसे चिरडली. एवढे झाल्यावर वाटाघाटी झाल्या. याला भेकडपणा म्हणणे म्हणजे चार महिन्यांचा हिशेब शेवटच्या दिवसावरून मांडणे होय.

शरण गेल्यावर जीव वाचेलच याची खात्री कोण देणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. सांगली जिल्ह्यातला बाणूरचा भूपाळगड १६७९ मध्ये मोगल सरदार दिलेरखानाने जिंकला, तेव्हा हाती लागलेल्या सातशे जणांचा एकेक हात तोडला गेला. म्हणूनच हल्लेखोर आत घुसण्याआधी, गड हातात असताना अटी ठरवण्यात शहाणपण होते. मराठ्यांना गडापेक्षा वेळ आणि माणूस मोलाचा होता: बादशहा एकेका किल्ल्यापाशी अडकून पडला की मराठी फौजांना मोगली मुलुख मोकळा मिळे.

मोगलांनी किल्ल्याचे नाव आझमतारा ठेवले. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला.