चाच्यांची लोकशाही आणि गुलामांच्या बेड्या

बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या वेल्श दर्यावर्दीची चाचेगिरी तीन वर्षेही टिकली नाही. जून 1719 मध्ये गुलामांची वाहतूक करणाऱ्या एका इंग्रजी गलबतावरील दुय्यम अधिकारी म्हणून तो चाच्यांच्या हाती सापडला. अवघ्या काही आठवड्यांत त्याच चाच्यांनी त्याला आपला कप्तान निवडले. 10 फेब्रुवारी 1722 रोजी आफ्रिकेतील केप लोपेझजवळ ब्रिटिश आरमाराच्या ‘स्वॅलो’ या युद्धनौकेशी झुंजताना तो ठार झाला. एवढ्या अवधीत त्याने 400 हून अधिक गलबते लुटली, असे मानले जाते. साहसकथांना एवढे पुरते. परंतु साधे खलाशी चाचे का झाले, हा प्रश्न त्या कथा विचारीत नाहीत.

त्याचे उत्तर 1713 च्या उत्रेख्त तहात सापडते. युद्धकाळी ब्रिटिश आरमारात सुमारे 50 हजार माणसे होती. तहानंतर दोन वर्षांत ती 15 हजारांच्याही खाली आली. बंदरोबंदरी बेकारांचे तांडे जमले, व्यापारी गलबतांवरील वेतन घसरले, आणि चाबूक व निकृष्ट अन्न तर पूर्वीपासून होतेच. याच तहाने ब्रिटनला स्पॅनिश वसाहतींना दरसाल 4,800 गुलाम पुरविण्याचा मक्ता मिळवून दिला. शांतता भांडवलाला फळली; श्रमिकाच्या वाट्याला बेकारी आली.

या पार्श्वभूमीवर रॉबर्ट्सच्या जहाजावरील करारनामा लक्षणीय ठरतो. महत्त्वाच्या निर्णयात प्रत्येकाला एक मत होते. ताज्या अन्नावर सर्वांचा सारखा हक्क होता. लुटीत साध्या खलाशाला एक हिस्सा, तर कप्तानाला दोन. अपंग होणाऱ्यास सामायिक निधीतून 800 डॉलर देण्याची तरतूद होती. युरोपातील राजसत्ता ज्याला अराजक म्हणत, तेथे श्रमिकांना प्रथमच माणूस म्हणून मोजले जात होते.

तथापि या समतेला सीमा होती. जानेवारी 1722 मध्ये व्हिडा बंदरात रॉबर्ट्सने गुलामांच्या व्यापारातील 11 गलबते पकडली व प्रत्येकी 8 पौंड सोन्याची भुकटी खंडणी मागितली. एका कप्तानाने नकार दिला. त्याच्या गलबतावर सुमारे 80 गुलाम साखळदंडांनी जखडलेले होते. त्या बेड्या काढण्यात वेळ जाईल म्हणून चाच्यांनी त्यांच्यासह गलबत पेटवून दिले. ज्यांना मत होते, त्यांनी मत नसलेल्यांचा विचारही केला नाही.

पुढे राज्याचा न्यायही त्याच वळणाने गेला. गुलामांच्या व्यापाराचे ठाणे असलेल्या केप कोस्टच्या किल्ल्यात खटला चालला आणि 52 जणांना फाशी झाली. रॉबर्ट्सच्या जहाजांवरील सुमारे 70 कृष्णवर्णीयांवर मात्र खटलाच भरला गेला नाही. ते माल ठरले व गुलाम म्हणून विकले गेले. ‘स्वॅलो’चा कप्तान ओगल याला ‘सर’ हा किताब मिळाला.

रॉबर्ट्सला खलनायक ठरवून किंवा वीर बनवून हा इतिहास संपत नाही. आपल्या तांड्यापुरती लोकशाही उभारणे तुलनेने सोपे असते. कायम कामगारांची संघटना जेव्हा त्याच आवारातील कंत्राटी कामगाराला सभासदत्व नाकारते, शेतकऱ्यांची सभा जेव्हा शेतमजुराच्या मजुरीविषयी मौन पाळते, तेव्हा तीही त्याच जहाजावर चढलेली असते. संघटनेची कसोटी आतल्यांच्या समान हिश्शात नसते. तळघरातील बेड्या काढण्यासाठी ती किती वेळ द्यावयास तयार आहे, यात असते.