रविवार कुणाचा?

गेल्या थंडीत आमच्या गोवंडीच्या महिला मंडळानं घारापुरीला एक दिवसाची सहल काढायचं ठरवलं. बचतीतून बाजूला टाकलेले पैसे, अठरा बायका आणि एकच अट : घरून डबा न्यायचा नाही. जेवायचं हॉटेलात, बसून, दुसऱ्याच्या हातचं.

सहलीला कुणाची फारशी हरकत नव्हती. त्या अटीवरून मात्र वस्तीत वादळ उठलं. "बायका बायकाच हॉटेलात जाणार?" असं नवरे म्हणाले, ते अपेक्षितच होतं. पण आमच्याच चळवळीतला एक जुना कार्यकर्ता म्हणाला, "ताई, इथं नळाला पाणी नाही, कचऱ्याचा धूर छातीत भरतोय, आणि तुम्हाला सहली सुचतात?" तेव्हा मी गप्प बसले. आता बसणार नाही.

धूर आम्हाला कुणी शिकवू नये. देवनारचं डम्पिंग १९२७ पासून या भागाच्या उशाला आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं, तेव्हा खोकणारी लेकरं मांडीवर घेऊन रात्री आम्हीच काढल्या. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात आमचा एम पूर्व विभाग सगळ्यात तळाला होता, हे चौकाचौकात आम्हीच ओरडून सांगितलं. पाण्याच्या मोर्चात हंडे कुणाच्या डोक्यावर असतात? मग जिच्या डोक्यावर हंडा आहे तिनं तो एक दिवस खाली ठेवला तर लढा बुडतो कसा? सभा संपल्यावर पुरुष कार्यकर्ते नाक्यावर कटिंग घेतात, वडापाव खातात. त्यांना कुणी विचारत नाही, की दादा, नळाला पाणी आलं का?

विश्रांती मागणं म्हणजे चैन, हे मालकांनीही एकेकाळी कामगारांना ऐकवलं होतं. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधीच्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या होत्या. गिरणीचा भोंगा रविवारी बंद झाला. पण चूल बंद झाली का? उलट त्या दिवशी ती जास्तच पेटते. सगळे घरी, म्हणून मटण, म्हणून पाहुणे, म्हणून आठवड्याचे कपडे. लोखंड्यांचा रविवार सव्वाशेहून जास्त वर्षं होऊनही बाईच्या घरात पोचलेला नाही.

सरकारच्याच २०२४ च्या वेळवापर पाहणीत दिसलं, की बिनपगारी घरकामात बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, हे काम करणारा पुरुष ८८. आमच्यातल्या निम्म्याअधिक जणी चेंबूर, घाटकोपरला धुणीभांडी करतात. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली आला, पण आठवड्याची एक भरपगारी सुट्टी मिळवायला अजून प्रत्येक घरी वेगळं भांडावं लागतं.

कुणी म्हणेल, घरच्यांबरोबर जाताच की गोराईला, जुहूला. जातो ना! पहाटे चारला उठून पुऱ्या तळतो, बटाट्याची भाजी करतो. किनाऱ्यावर चटई अंथरतो, सगळ्यांना वाढतो, पोरांमागे धावतो. घरी आलो की वाळूनं भरलेले कपडे धुतो. याला सहल म्हणायचं? हा तर स्वयंपाकघराचा मुक्काम हलवला!

म्हणून आम्ही डबा नेला नाही. हार्बरनं सीएसएमटी, तिथून गेटवे, मग तासाभराची बोट. डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसत होता. त्याच्या पलीकडे आमची वस्ती. इतक्या जवळ राहून अठरापैकी चौदा जणींनी बोटीत पहिल्यांदा पाय ठेवला होता. आणि जवळजवळ सगळ्याजणी सकाळपासून पाण्याचा घोट न घेता आल्या होत्या. कारण तुम्हाला ठाऊक आहे, मैत्रिणींनो. बाई घराबाहेर पडली की आधी हिशोब मुतारीचा करते. 'राइट टू पी'ची मोहीम मुंबईत २०११ साली सुरू झाली. 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर २०१५ मध्ये उच्च न्यायालयानं रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं बांधायला महापालिकांना सांगितलं. तरी आम्ही तहानलेल्याच फिरतो.

घारापुरीच्या लेण्यात अर्धनारीश्वर आहे. दीडेक हजार वर्षांपूर्वी कारागिरानं दगडातली अर्धी जागा बाईला दिली. परत आल्यावर मुंबईतल्या एका हॉटेलात शिरलो, तर मॅनेजरनं आमच्याकडं वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "जेंट्स कुणी नाही सोबत?" मग जिन्याकडं बोट दाखवलं. वर फॅमिली रूम. जुन्या इराण्यांकडंही अशा खोल्या असत. एक पुरुष आणि एक बाई असली की फॅमिली. अठरा बायका कोण मग? आमच्यातल्या बुरखेवाल्या आपा पुढं झाल्या. "भाईजान, हम ही फॅमिली हैं," म्हणाल्या, आणि रस्त्याकडच्या टेबलावर जाऊन बसल्या. आम्हीही बसलो.

वेटरनं विचारलं, "काय घेणार?" शेजारच्या मावशी म्हणाल्या, "काहीही." बावीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटतायत. कुणाला मऊ लागते, कुणाला तूप चालत नाही, सगळं पाठ. स्वतःला काय आवडतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ताटं आली तशा त्या सवयीनं वाढायला उठल्या. आपांनी हात धरून खाली बसवलं.

या शहरानं बाहेरचं जेवण पहिल्यापासून बाईच्याच हातचं खाल्लं. गिरणगावातल्या कामगारांना जगवलं ते खानावळवाल्या बायकांनी. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं त्यांच्या राबण्याला काम म्हणून ओळख मिळाली. राबायला बाई चालते, मग टेबलाशी बसलेली बाई का खुपते?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मंडळाच्या जमाखर्चात सहलीचा खर्च लपवू नका, ठळक लिहा. घरकामाला भरपगारी सुट्टी मागा. प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक स्टेशनवर स्वच्छ मुतारी मागा. आणि महिन्यातला एक रविवार घरात जाहीर करा : आज चूल बंद. ज्याला भूक लागेल तो डाळ-तांदूळ धुवेल.

त्या जुन्या कार्यकर्त्याला आता उत्तर देते. दादा, पाण्यासाठी आम्ही उद्याही हंडे घेऊन येऊ. पण आम्हाला पाणी फक्त रांधायला नकोय. पोटभर प्यायलाही हवंय, घराबाहेर, बिनधास्त.

पुढची सहल मनोरीला ठरली आहे. डबा यावेळीही नाही.