बरा झालास का?

बिन्नागुडीत आमचं क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याला एकोणीस पायऱ्या. पावसाळ्यात चहाच्या बागांवरचं धुकं या जिन्यापर्यंत येतं, आणि कधीकधी रात्री हत्तीही कॅन्टोन्मेंटमध्ये येतात, पण त्याबद्दल पुन्हा केव्हातरी लिहीन. परवा संध्याकाळी नवव्या पायरीवर उभा होतो. शेजारचा तरुण मेजर खालून आला. "सर, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, "माझीच." तो हसला, दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

नवव्या पायरीवर मी रोज थांबतो, साधारण एक मिनिट. छातीतली धडधड खाली येते, मग उरलेल्या दहा चढतो. तीन वर्षांपूर्वी याच पायांनी पाच किलोमीटर रायफल घेऊन पळत होतो. खडकवासल्याला असताना तर अख्खी अकादमी आम्हाला पळवत होती. कॅम्प टोर्नाच्या त्या रात्री ज्यांनी अनुभवल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको.

मला कोविड झाला मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत. इस्पितळात जावं लागलं नाही. ऑक्सिजन उतरला नाही. पंधरा दिवसांत निगेटिव्ह आलो आणि कामावर हजर झालो. आजूबाजूला माणसं जात होती, तेव्हा आपण सुटलो यातच समाधान होतं. मग जुलै आला, ऑगस्ट आला, आणि अंघोळ करून आल्यावर पलंगावर दहा मिनिटं पडावं लागतं हे मी बायकोपासूनही लपवायला लागलो. उभं राहिलं की नाडी धावायची. वाचलेलं पान परत वाचावं लागायचं. एकदा कॉन्फरन्समध्ये नकाशासमोर उभा राहिलो आणि 'नाला' हा शब्दच आठवेना. वीस वर्षांत हजार वेळा वापरलेला शब्द. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खोकल्याचं नाटक केलं.

तपासण्या सगळ्या नॉर्मल. एक्स-रे, ईसीजी, इको, रक्त. एका डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "टेन्शन घेऊ नका." त्यांचं नाव सांगण्याचं कारण नाही, त्यांच्या हातातले कागद खरोखरच स्वच्छ होते.

लपवण्याचं कारण फौजी वाचकांना लगेच कळेल. आमची युनिट उंचावर जाणार होती. माझी मेडिकल कॅटेगरी शेप-१ होती. ती खाली आली असती तर मी मागे राहिलो असतो. आपली पलटण वर जाते आणि आपण मागे राहतो, यापेक्षा वाईट काही असतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. म्हणून बीपीईटीला उभा राहिलो. चाळिशी ओलांडलेल्यांना वेळेची थोडी सवलत असते. मी ती न घेता पळालो आणि पासही झालो. संध्याकाळी मेसमध्ये सगळ्यांना सरबत पाजलं. दुसऱ्या दिवशी जरा जड वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. ताप नाही, दुखापत नाही, पण हात उचलून डोळ्यांवर ठेवायचा तरी विचार करावा लागत होता. असे पाच दिवस गेले.

आमची आरएमओ तरुण कॅप्टन होती, माझ्या पहिल्या पोस्टिंगच्या वेळी शाळेत असेल. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि मी किती पळालो यापेक्षा पळाल्यानंतर किती तासांनी पडलो हे विचारलं. मग म्हणाली, "सर, तुम्ही लेहला उतरलात आणि पहिल्याच दिवशी खारदुंगला पळत गेलात."

हे वाक्य मला कळलं, कारण ते माझ्या भाषेत होतं.

ज्यांनी उंचावर नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. नऊ ते बारा हजार फुटांवर पोचलेल्या माणसाला फौज सहा दिवस थांबवते. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती. फार तर बराकीभोवती चालायचं. तिसऱ्या दिवसापासून हळू चालणं, पाचव्या दिवसापासून थोडी चढण. त्याच्या वर बारा ते पंधरा हजारांसाठी आणखी चार दिवस, पंधराच्या वर पुन्हा चार. माणूस कितीही तगडा असो, सुभेदार मेजर असो की कमांडिंग ऑफिसर, नियम तोच. उलट तगडा तरुण पहिल्या दिवशी जोश दाखवतो आणि फुफ्फुसात पाणी होऊन हेलिकॉप्टरने खाली येतो. ही शिस्त आपण फुकट शिकलो नाही. १९६२ च्या युद्धात आणि त्यानंतर कितीतरी जवान हिमालयात गोळीशिवाय गेले, त्यांना तपासणाऱ्या आपल्याच लष्करी डॉक्टरांच्या नोंदींवर जगभरच्या गिर्यारोहणाच्या वैद्यकात पुढे काम झालं.

लेहच्या ट्रान्झिट कॅम्पात दोन दिवस गादीवर पडलेल्या जवानाला कुणी कामचोर म्हणत नाही. तिथे पडून राहणं ही ड्यूटी असते. तोच जवान सपाटीवर, तापातून उठल्यावर, "साब, बदन में जान नहीं है" म्हणाला की आपल्याला तो बहाणेबाज वाटतो.

'आपल्याला' लिहिलं, पण मुळात 'मला' लिहायला हवं होतं.

मी कंपनी कमांडर असताना एक जवान डेंग्यूतून उठून आला. इस्पितळाने फिट लिहून पाठवला होता. दोन महिने तो पीटीला मागे पडत राहिला. सिक रिपोर्टवर त्याचं नाव वारंवार यायला लागलं. कंपनीत हसू व्हायला लागलं. मी त्याला बोलावलं, कागद बघितले, सगळं ठीक होतं. मी म्हणालो, "मन की बीमारी है तेरी," आणि त्याला ग्राउंडचे चक्कर लावायला सांगितले. तो लावत राहिला. नंतर त्याची बदली झाली आणि मी विसरलो.

बीपीईटीनंतरच्या त्या पाच दिवसांत मला तो आठवला. पुढे वर्षभराने जुन्या कंपनीतल्या एकाकडून नंबर मिळवून फोन केला. आता तो पेन्शनवर आहे, गावी शेती बघतो. मी कसंबसं म्हणालो की तेव्हा चूक झाली. दहा चक्कर लावले होते ना, विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "ग्यारह थे साब." मग माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि सकाळी गरम पाणी प्यायचा सल्ला दिला.

मला चोवीस आठवड्यांची खालची कॅटेगरी मिळाली, मग आणखी चोवीस. पलटण माझ्याशिवाय वर गेली. तिच्याशिवाय काढलेल्या त्या हिवाळ्यावर मी लिहू शकेन असं वाटत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. या आजाराला 'लाँग कोविड' हे नाव डॉक्टरांनी दिलेलं नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी स्वतःच्या आजाराबद्दल लिहिताना ते ट्विटरवर वापरलं. जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्या केली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानाने उलगडा न होणारी लक्षणं. म्हणजे रोगी आधी बोलले, कागद मागून आले. हे क्रमाने तसंच होणार होतं, आणि म्हणूनच 'रिपोर्ट नॉर्मल आहे, जा' हे उत्तर अपुरं आहे.

सैनिकांत तर हे जुनंच आहे. अमेरिकन यादवी युद्धातले शेकडो सैनिक धाप, धडधड, छातीत दुखणं, थकवा घेऊन इस्पितळात येत आणि हृदयात काही सापडत नसे. जेकब डा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला. त्यातल्या बऱ्याच जणांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेले होते, हेही त्यांनी नोंदवलं. पहिल्या महायुद्धात पुन्हा तेच. त्या वेळी 'सोल्जर्स हार्ट' हे नाव वापरात होतं. तो आणि हा एकच आजार आहे असं माझं म्हणणं नाही. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या सैनिकांनाही कुणीतरी चक्कर लावायला सांगितले असणार.

आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल. क्रिमियात १८५५ मध्ये तिला ताप आला, तो आज बऱ्याच अभ्यासकांना ब्रुसेलोसिस असावा असं वाटतं. परत आल्यावर वर्षानुवर्षं ती बहुतेक काळ खोलीत, पलंगावर होती. त्या पलंगावरूनच तिने हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याचं काम केलं. इथल्या छावण्यांना प्रश्नावल्या गेल्या, उत्तरांचे गठ्ठे तिच्याकडे गेले, आणि इथले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ या दराने मरतात, तेही मुख्यतः घाण पाणी आणि वाईट गटारांमुळे, हे १८६३ च्या रॉयल कमिशनच्या अहवालातून जगापुढे आलं. हिंदुस्थानात ती एकदाही आली नाही. आज आपल्या कॅन्टोन्मेंटमधली पाण्याची आणि गटारांची शिस्त दिसते, त्यात त्या पलंगाचाही वाटा आहे. आमच्याकडे एखादा अधिकारी आठवड्यातून दोन दिवस घरून फायली बघतो म्हटलं तर भुवया वर जातात.

आक्षेप मला माहीत आहे. फौजेत बहाणेबाज असतात. असतातच, मी स्वतः कॅडेट असताना क्रॉस कंट्रीच्या आदल्या दिवशी पोटदुखीची चिठ्ठी आणायचा प्रयत्न केला होता (मिळाली नाही). मग ओळखायचं कसं? माझं निरीक्षण असं की बहाणेबाज माणूस बरा दिवस कामात घालवत नाही. हा आजार असलेला मात्र बरा दिवस उगवला की राहिलेलं सगळं काम त्याच दिवशी उरकायला जातो आणि दोन दिवसांनी आडवा होतो. त्याची दोन आठवड्यांची नोंद ठेवा, नक्षी दिसते. आणि समजा फसलोच, तर एका बहाणेबाजाच्या चार पीटी परेड बुडतील. उलटं फसलो तर शिकवलेला, कामाचा जवान हातातून जातो. हिशोब अवघड नाही.

सुट्टीवर सातारा जिल्ह्यात गावी गेलो तेव्हा आईने काही विचारलं नाही. तिला २००६ च्या साथीत चिकनगुन्या झाला होता, गुडघे अजून धरतात. ती एवढंच म्हणाली, "तू अजून उठला नाहीस." आपल्या भाषेत माणूस आजारातून 'उठतो', आणि उठायला वेळ लागतो हे जुन्या माणसांना ठाऊक होतं. विषमज्वरातून निघालेल्याला महिनाभर पथ्य असे. हवापालटासाठी पाचगणीला पाठवत. आजारी आणि ठणठणीत यांच्या मध्ये एक मुक्काम होता. अँटिबायोटिक आल्यावर आपण तो मुक्कामच मोडून टाकला. आता पाच दिवसांचा कोर्स संपला की माणूस बरा, आणि नसेल तर दोष त्याचा.

माझा आत्ताचा दिवस सांगतो. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. डोक्याचं काम सकाळी दहा ते बारा, महत्त्वाच्या सह्या त्यातच. जेवणानंतर चाळीस मिनिटं अंधाऱ्या खोलीत, फोन बाहेर. चालणं मोजून, आज जेवढं जमेल असं वाटतं त्याच्या निम्मं. हे निम्म्यावर थांबणं सगळ्यात कठीण. अकादमीने तीन वर्षं शिकवलं की शरीर 'नाही' म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत असतं. बहुतेक वेळा ते खरंच खोटं बोलत असतं, म्हणून तर तो धडा पक्का बसतो. मुलीबरोबर बॅडमिंटन बंद आहे, मी पंच झालोय. तिच्या मते मी पक्षपाती पंच आहे. बायकोने एका वहीत तारखा लिहिल्या आहेत: काय केलं, आणि तिसऱ्या दिवशी काय झालं. माझ्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा त्या वहीतून डॉक्टरांना जास्त कळलं.

हे वाचणाऱ्या निवृत्त मंडळींना म्हणून विनंती आहे. कोविड, डेंग्यू, चिकनगुन्या, कशानंतरही महिनोन्‌महिने अंगात बळ येत नसेल तर पॉलिक्लिनिकला जाताना अशी वही घेऊन जा. मधुमेह, थायरॉइड, रक्तक्षय, हृदय हे आधी तपासून घ्या, कारण थकवा या प्रत्येकात असतो आणि त्यांच्यावर औषधं आहेत. सगळं नॉर्मल आलं तर डॉक्टरांना वहीतलं तिसऱ्या दिवसाचं पान दाखवा. आणि लाजू नका. हवालदार साहेब, तुम्ही घरी सांगत नाही हे मला माहीत आहे, मीही सांगत नव्हतो.

जे अजून नोकरीत आहेत आणि ज्यांच्या हाताखाली शंभर माणसं आहेत, त्यांच्याकडे एकच मागणं. तापातून परतलेल्या जवानाला पहिल्या आठवड्यात 'बरा झालास का?' विचारू नका. त्याला एकच उत्तर देता येतं. 'काल किती चाललास, आणि आज कसं आहे?' असं विचारा, आणि दोन दिवसांनी परत विचारा.

तो तरुण मेजर काल पुन्हा जिन्यात भेटला. नवव्या पायरीवर तोही थांबला, माझ्याबरोबर. उगीचच बुटाची लेस बांधत बसला. ती सुटलेली नव्हती.