चरा गार्डवर पडू दे

नवा कॅमेरा घेतला की लेन्सवर लावायच्या यूव्ही फिल्टरसाठी हजार-दोन हजार रुपये मोजायला कुणी मागेपुढे पाहत नाही. मागच्या स्क्रीनला गार्ड बसवायचा विषय निघाला, की मात्र ‘त्याची काय गरज?’ असं विचारलं जातं. वास्तविक लेन्सला झाकण असतं, हूड असतं. शिवाय पुढच्या काचेवरचा बारीक चरा फोकसच्या पार बाहेर राहत असल्याने बहुतेक फोटोंत दिसतही नाही. मागची स्क्रीन दिवसभर उघडी असते, तिच्यावरच फोटो तपासला जातो, आणि तिच्यावरचा प्रत्येक चरा थेट डोळ्यांसमोर येतो. चरे पडणं आपण पूर्णपणे टाळू शकत नाही. ते कशावर पडावेत, हे ठरवणं मात्र आपल्या हातात आहे. काढून फेकता येईल अशा स्वस्त थरावर ते पडावेत आणि तो थर कॅमेरा डब्यातून बाहेर काढला त्याच दिवशी बसवावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी चरा पडतो कशाने, ते समजून घेऊ. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी उतरंड लावली. वरच्या पायरीवरचं खनिज खालच्यावर चरा पाडतं, एवढाच तिचा नियम. या उतरंडीत आपलं नख अडीचच्या आसपास येतं, तांब्याचं नाणं साधारण तीनवर आणि साधी काच साडेपाचच्या जवळ. म्हणजे खिशातल्या नाण्याला आपण जितकं घाबरतो, तितकं काचेच्या स्क्रीनने घाबरण्याचं कारण नाही. खरा शत्रू धूळ आहे. किनाऱ्यावरच्या वाळूत मुबलक असणारं क्वार्ट्झ सातवर आहे. सह्याद्री आणि देशावरच्या काळ्या बेसॉल्टमधलं फेल्डस्पार सहा ते साडेसहावर. तारकर्लीची पुळण असो की वारीच्या वाटेवरचा फुफाटा, त्यातले कण काचेहून कठीणच असतात. हे कण नुसते बसून राहिले तर काही बिघडत नाही. त्यांच्यावर दाब पडून ते घासले गेले, की चरा उमटतो. गळ्यात लटकणारा कॅमेरा चालताना शर्टाच्या बटणांवर आणि पट्ट्याच्या बकलावर घासत असतो. त्याहून वाईट म्हणजे, धूळ दिसली की शर्टाच्या टोकाने किंवा ओढणीने स्क्रीन खसाखसा पुसण्याची सवय. तेव्हा ते फडकं कणांना काचेवरून ओढत नेतं आणि आपण स्क्रीन स्वच्छ केल्याच्या समाधानात असतो.

‘चरा पडला तर पडला, फोटोवर थोडाच येतो?’ हा पहिला आक्षेप. फोटोवर येत नाही, हे खरं. पण फोटोबद्दलच्या निर्णयावर येतो. एक हिशेब करून पाहा. निकॉनच्या 2007 सालच्या डी300 कॅमेऱ्याची स्क्रीन तीन इंची होती आणि तिच्यात सुमारे 9 लाख 20 हजार ठिपके होते. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके लागतात, म्हणजे प्रत्यक्षात 640 बाय 480 पिक्सेल. एकसष्ट मिलिमीटर रुंदीत 640 पिक्सेल बसवले, की एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम एक दशांश मिलिमीटर येतो. हल्लीच्या स्क्रीनवर तो आणखी लहान असतो. डोळ्यांना सहज दिसणारा चरा साधारण तेवढ्याच रुंदीचा असतो. अक्षता पडतानाचा क्षण टिपल्यावर छायाचित्रकार फोटो मोठा करून नवरीच्या पापण्या शार्प आल्यात का, हे पाहतो. नेमकं तिथेच चऱ्यांचं जाळं असेल, तर मऊपणा फोटोत आहे की स्क्रीनवर, हे कळायला मार्ग नाही. वैशाखाच्या उन्हात तर प्रत्येक चरा प्रकाश विखुरतो आणि स्क्रीनचा तेवढा भाग पांढुरका दिसू लागतो. तो क्षण पुन्हा घ्यायची सोय लग्नात नसते.

दुसरा आक्षेप असा, की आजकालच्या स्क्रीनची काच मजबूतच असते. ती असते, पण मजबुती आणि कठीणपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा काचेला बऱ्याचदा रासायनिक प्रक्रियेने बळकटी दिलेली असते. तिच्या पृष्ठभागातले सोडियमचे आयन काढून तिथे आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन भरले, की पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि काच सहजासहजी फुटत नाही. क्वार्ट्झचा कण मात्र तिच्यावरही चरा पाडू शकतो. गार्डच्या पाकिटावर छापलेल्या ‘9एच’बद्दलही असाच गैरसमज आहे. तो आकडा पेन्सिलने ओरखडून घेतल्या जाणाऱ्या चाचणीचा आहे. मोसच्या उतरंडीवर नऊ म्हणजे नीलम आणि माणिक, आणि बाजारातला गार्ड काही त्या जातीचा नसतो. म्हणून गार्डकडून अभेद्यपणाची अपेक्षा धरू नये. त्यावर चरे पडतील, पडायलाच हवेत. पितळेच्या भांड्यावरची कल्हई झिजते म्हणून आपण भांडं मोडीत काढत नाही, पुन्हा कल्हई करून घेतो. गार्डचंही तसंच आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: गार्डमुळे स्क्रीन नीट दिसत नाही, टच बिघडतो, दुमडणारी स्क्रीन बंद होत नाही. जुन्या तऱ्हेच्या झाकणांबाबत यात तथ्य होतं. निकॉनच्या डी90, डी7000, डी800 अशा कॅमेऱ्यांसोबत पारदर्शक प्लास्टिकचं झाकण यायचं. त्याच्या आणि स्क्रीनच्या मधल्या फटीत धूळ शिरायची आणि दमट हवेत वाफ धरायची. स्क्रीनला सपाट चिकटणाऱ्या पातळ गार्डमध्ये ही फटच राहत नाही. सुमारे तीन दशांश मिलिमीटर जाडीची, त्याच मॉडेलसाठी कापलेली काच असेल, तर टचही सहसा व्यवस्थित चालतो. बिजागरीवर फिरणाऱ्या स्क्रीनला जागा कमी असेल, तर काचेऐवजी पातळ फिल्म लावावी. काम नसताना अशी स्क्रीन आत वळवून ठेवावी, हे तर गार्डहूनही उत्तम संरक्षण. थोडी चकाकी वाढते, हे मान्य. पण ती चकाकी गार्ड काढला की जाते, चरा जात नाही. तो घालवण्यासाठी टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो अजिबात ऐकू नये. पेस्टमधली घासणारी पूड काचेवरचा चकाकी कमी करणारा नाजूक थर खरवडते आणि एका चऱ्याच्या जागी धूसर डाग उरतो.

उरतो तो प्रश्न कंपन्यांच्या जबाबदारीचा. अनेक नव्या कॅमेऱ्यांत वरची काच आणि आतलं पॅनल मधली हवेची पोकळी काढून एकमेकांना जोडलेलं असतं. त्यामुळे चित्र स्वच्छ दिसतं, हा फायदा खरा. पण वरच्या काचेला इजा झाली की अनेकदा अख्खा भागच बदलावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशा क्षेत्रांवर भर दिला गेला. लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्यालाही हाच न्याय लागू व्हायला हवा. एवढी किंमत घेणाऱ्या कंपनीने डब्यात एक गार्ड टाकणं आणि वरची काच वेगळी बदलता येण्याची सोय ठेवणं, ही मागणी अवाजवी नाही. ग्राहकांनी ती खरेदीच्या वेळी दुकानदाराकडे आणि कंपनीकडे बोलून दाखवली पाहिजे.

ते होईपर्यंत आपलं काम सोपं आहे. गार्ड धूळ नसलेल्या जागी बसवावा; पंखा बंद करून बसलं तर उत्तम. स्क्रीन पुसण्याआधी ब्लोअरने कण उडवावेत, मगच स्वच्छ मायक्रोफायबर कापड हलक्या हाताने फिरवावं, आणि हा क्रम कधीही उलटा करू नये. गार्डला तडा गेला किंवा त्यावर जाळं दिसू लागलं, की जीव न गुंतवता तो बदलावा. अंगावरचा रंग उडालेला कॅमेरा भरपूर वापरल्याची खूण म्हणून अभिमानाने मिरवता येतो, कारण रंग उडाल्याने काम अडत नाही. स्क्रीनची गोष्ट वेगळी आहे. ती छायाचित्रकाराची पारख करण्याची जागा आहे, आणि दोन-तीनशे रुपयांच्या काचेसाठी ती पणाला लावणं शहाणपणाचं नाही.