रखवालीचा भाव

अकोटच्या बाजारात कापसाला काय भाव फुटला हे सायंकाळपर्यंत साऱ्या वऱ्हाडास ठाऊक होते. पण तोच कापूस जिनिंगच्या आवारात गंजीस लागल्यावर रात्रभर त्याच्याभोवती फिरणाऱ्या पहारेकऱ्याच्या सेवेचा भाव गतवर्षाहून चढला की उतरला, असे कोणी विचारल्यास सरकारच्या घाऊक किंमत निर्देशांकाकडे त्यास उत्तर नाही. २०११-१२ हे पायाभूत वर्ष धरून रचलेल्या मालिकेत ६९७ वस्तू घेण्यात आल्या. त्यांत कापूस आला, वीज आली, सेवा मात्र एकही आली नाही. उत्पादक किंमत निर्देशांकासंबंधी प्रा. गोलदार यांच्या कार्यगटाने २०१७ साली अहवाल दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच निर्देशांकाकडे जाण्याचा मार्ग आखण्याचे काम श्री. रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखालील गटाकडे सोपविण्यात आले. गट नेमण्याच्या कामी आमचे सरकार कधीच मागे राहिलेले नाही!

हा प्रश्न केवळ आकडेशास्त्र्यांचा आहे असे समजणे चूक होईल. क्विंटल सर्वत्र क्विंटलच असतो. पहारा तसा नसतो. एका फाटकावर अहोरात्र माणूस हवा असेल तर आठ-आठ तासांच्या आठवड्यास २१ पाळ्या होतात. साप्ताहिक सुटी घेऊन एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे एका फाटकामागे साडेतीन माणसे लागतात. मग दुसरा ठेकेदार येतो आणि तेच काम दोन माणसांत, बारा-बारा तासांच्या पाळ्या लावून, सुटीवाचून करून दाखवितो. बिल उतरते, आणि संस्थेचे चालक सभासदांस मोठ्या अभिमानाने सांगतात की सुरक्षेचा दर स्वस्त झाला. वस्तुतः नेमल्या वेळेहून अधिक कामास दुप्पट दराने मोबदला देणे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे सचोटीच्या ठेकेदारास या मार्गाने बचत होणे शक्यच नाही. बिलातून जे वजा झाले ती त्या माणसाची झोप आणि त्याचा हक्काचा पैसा.

म्हणूनच असा निर्देशांक काढावयाचा तर आधी सेवेचे वर्णन बांधून घ्यावे लागते: ठिकाण कोणते, तास किती, पहारा रात्रीचा की दिवसाचा, सशस्त्र की निःशस्त्र, बदली माणूस आहे की नाही. त्याच वर्णनाच्या ठेक्यास यंदा तासागणिक काय पडले, तेही वस्तू व सेवा कर वगळून, एवढेच विचारावयाचे. वर्णन बदलले की तो निराळा माल झाला. अमेरिकेचे श्रमसांख्यिकी खाते आणि जपानची मध्यवर्ती बँक यांनी आपल्या निर्देशांकांत पहारेकऱ्यांच्या सेवेस स्थान दिले आहे.

महाराष्ट्रास हे गणित अपरिचित असण्याचे कारण नाही. १९८१ च्या खाजगी सुरक्षा रक्षक कायद्याखाली येथे मंडळे स्थापन झाली व वेतनाचे दर उघडपणे ठरू लागले. परंतु एजन्सीच्या ठेक्याची कथा वेगळी. किमान वेतनावरील विशेष भत्ता जानेवारीत व जुलैत सुधारला जातो आणि ठेक्याचा दर मात्र पुष्कळदा मुदतभर गोठलेला असतो. मधला फरक कोण सोसतो हे सांगावयास नकोच. विश्वसनीय निर्देशांक असेल तर तो चढेल त्या प्रमाणात दर वाढविण्याचे कलम करारात घालता येईल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बहुसंख्य ठेके कायदा मोडूनच दिले जात असतील तर निर्देशांक त्या मोडीचाच भाव नोंदवील. त्यास उपाय हाच की निर्देशांकाशेजारी किमान वेतनाची मालिकाही छापावी. दोहोंतील अंतर मग कोणासही दिसेल. आणि किमान वेतन परिमंडळागणिक निराळे असल्याने मुंबईच्या सरासरीत अकोट बुडवून चालणार नाही.

येथील बँका, रुग्णालये, जिनिंगचे मालक आणि नगरपरिषद यांना दिल्लीची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. पुढील निविदेत एका फाटकामागे माणसे किती व प्रत्येकाचे तास किती, हे दोन आकडे दरापूर्वी मागता येतील.